अक्षरामागे बारा रुपये

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेल रंगवायच्या कारखान्याला
दोन पाट्या हव्या होत्या.
कागदावर इंग्रजीत
वरच्या ओळीला स्मोक, खालच्या ओळीला फ्यूम.
"दोन्हीकडं धूरच लिही की बे,"
मल्लिनाथशेठ म्हणाले, "कोण वाचलालंय?"

मी पत्र्याला अस्तर मारून बसलो.
सत्तावीस वर्षं पाट्या रंगवतोय,
विडी घरकुलातल्या पिठाच्या गिरणीपासून
अशोक चौकातल्या दातांच्या दवाखान्यापर्यंत.
अक्षरामागे बारा रुपये, काना-मात्रा फुकट.
पण एकच शब्द
दोन वेगळ्या गोष्टींवर
कधी चिकटवला नव्हता.

लॅबमधली मुबीना डबा खात होती.
शेंगाचटणीचं बोट चाटून म्हणाली,
"काका, काहीतरी जळतं, त्याचा स्मोक.
लाकूड, विडी, टायर.
तो दिसतो, डोळ्यांत जातो, भिंती काळ्या करतो.
फ्यूमला जळायची गरजच नाही.
झाकण उघडं राहिलं तरी पुरे.
दिसला तर दिसला.
दिसेपर्यंत थांबायचं नसतं."

मला लिंगय्या आठवला.
ब्लीचच्या टाकीशेजारी उकिडवा बसून
नळी धूत होता,
कुणीतरी ॲसिडचा कॅन चुकीच्या टाकीत ओतला.
ना ठिणगी, ना काजळी.
पंचनाम्यात लिहिलं : धुराने गुदमरून.
विम्याच्या साहेबानं विचारलं, आग कुठं लागली होती?
आग नव्हती.
मग धूर कसा?
आगीशिवाय धूर निघत नाही, हे त्याला
शाळेतच शिकवलेलं.
फाइल अजून तिथंच आहे.

आमच्या घरात तेलुगू.
धुराला पोगा, तंबाखूला पोगाकू, म्हणजे धुराचं पान.
पेटायच्या आधीच नावात धूर.
आई दिवसाला हजार विड्या वळायची,
ओठाला एकही लावली नाही.
सुपात तंबाखू चाळताना जे उडायचं,
पदरावर, भातावर, माझ्या पाटीवर बसायचं,
तिच्या खोकल्यात शेवटपर्यंत राहिलं,
ते काय?
मुबीनानं डब्याचं झाकण लावता लावता विचार केला.
"डस्ट," म्हणाली. "ती तिसरी पाटी, काका.
तिची ऑर्डर नाही आली."

पहिली पाटी सोपी गेली : इथे धूर करू नका.
दुसरीला शब्द सापडेना.
वाफ म्हटलं की चहा आठवतो.
धुरी म्हटलं की बाळंतिणीची खोली, ओवा, शेगडी.
विषारी वायू बरोबर होतं,
पण ते पेपरातलं, दुसऱ्या गावचं वाटत होतं.
मराठीत माणूस आतल्या आत धुमसतो,
इंग्रजीत तोच माणूस फ्यूम करतो, मुबीना म्हणाली.
म्हणजे रागाचं जमलं दोघांचं.
टाकीचं नाही.

उन्हं उतरल्यावर लिहिलं,
लाल ऑइलपेंटनं, ठसठशीत :
वास आला की पळा. आग शोधू नका.

मल्लिनाथशेठनी बोटं मोडून मोजलं.
"कागदावर एक शब्द होता. ही तेरा अक्षरं कुठनं आली?"
"लिंगय्याच्या वेळी दोनच होती, मालक."
ते काही बोलले नाहीत.
बराच वेळ पाटीकडं बघत राहिले,
मग दोन अक्षरांचे चोवीस रुपये दिले
आणि पाटी मात्र
तेरा अक्षरांचीच लावून घेतली.

घरी आलो, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवले.
बायको आतून ओरडली, डोकं दुखलालंय त्या वासानं.
रोजच ओरडते.
आज डब्याचं झाकण शोधलं.
माळ्यावर पाहिलं, मोरीखाली पाहिलं.
सत्तावीस वर्षांत
कधी होतं की नाही, तेही आठवेना.